.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम

.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे मोठ्या व धोकादायक वन्यप्राण्यांच्या शिकारीसाठी बनविलेले रायफलचे काडतूस आहे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक उत्पादक कंपनीने ते इ.स. १९१२ मध्ये बाजारात आणले. नावातील आकडा गोळीचा व्यास इंचांत दर्शवितो (९.५ मि.मी.). पुंगळीच्या बुडाशी असलेला पितळेचा उंच पट्टा ही या काडतुसाची ओळख असून पुढील काळातील बहुतेक ‘मॅग्नम’ काडतुसांचे ते मूळ मानले जाते. हाताने पुन्हा भरण्यासाठी ते सोयीचे आहे; मात्र ज्या पट्ट्यामुळे ते प्रसिद्ध झाले, तोच पट्टा पुनर्भरणात सर्वाधिक अडचणी निर्माण करतो.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतील व भारतातील ब्रिटिश शिकाऱ्यांपुढे दोन पर्याय होते. एक म्हणजे जाड व्यासाच्या दुनळी रायफली. त्या प्रभावी होत्या, पण जड, महाग आणि दूरच्या नेमासाठी गैरसोयीच्या होत्या. दुसरा पर्याय माउझर पद्धतीच्या बोल्टच्या रायफलींचा. त्या स्वस्त होत्या आणि त्यांच्या मॅगझिनमध्ये चार-पाच काडतुसे मावत. जर्मनीतील ओटो बॉक यांच्या ९.३×६२ या काडतुसाने (१९०५) हा दुसरा पर्याय आफ्रिकेतील वसाहतवाल्यांमध्ये लोकप्रिय केला होता. हॉलंड अँड हॉलंडचे नवे काडतूस या स्पर्धेतून जन्माला आले. दुनळी रायफलींसाठी त्याच वेळी कड असलेली ‘फ्लँज्ड’ आवृत्तीही काढण्यात आली.

प्रारंभी हे काडतूस केवळ निर्मात्या कंपनीच्याच रायफलींसाठी राखीव होते. पहिल्या महायुद्धानंतर ते इतर उत्पादकांना खुले झाले. अमेरिकेत वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने १९२५ पासून ते भरण्यास सुरुवात केली. विंचेस्टरने १९३७ मध्ये आपल्या मॉडेल ७० रायफलीत त्याचा समावेश केल्यावर ते सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आले. तोवर या लांब काडतुसासाठी खास लांबीची, महागडी माउझर यंत्रणा लागत असे.

रचना

पुंगळीची लांबी ७२.४ मि.मी. आणि गोळीसह काडतुसाची कमाल लांबी ९१.४ मि.मी. आहे. पुंगळी लांबट व निमुळती असून तिचा खांदा फारच उतरता आहे. या आकारामागे दोन कारणे होती. त्या काळी कॉर्डाइट ही शेवयांसारख्या लांब कांड्यांची दारू वापरली जाई व ती अशा पुंगळीत सहज भरता येई. शिवाय उष्ण प्रदेशात कॉर्डाइटचा दाब वाढतो आणि पुंगळी चेंबरमध्ये अडकण्याचा धोका असतो. निमुळती पुंगळी किंचित मागे सरकताच भिंतीपासून सुटते. आत शिरतानाही ती सहज शिरते, हा गुण घाईच्या प्रसंगी लहान नसतो.

उतरत्या खांद्याचा तोटा असा की काडतूस चेंबरमध्ये किती खोल जाऊन थांबावे हे खांद्यावरून खात्रीने ठरत नाही. जुन्या काडतुसांत हे काम बुडाची रुंद कड करी. पण अशा कडा मॅगझिनमध्ये एकमेकींत अडकतात. यावर तोडगा म्हणून खाचेच्या पुढे पट्टा देण्यात आला व काडतूस त्या पट्ट्यावर टेकू लागले. ही कल्पना कंपनीने १९०५ च्या ४००/३७५ या काडतुसात आधीच वापरली होती. पट्टा पुंगळीला बळकटी देतो हा समज व्यापक असला तरी त्याचे प्रयोजन ते नव्हे.

पुढे .३०० हॉलंड अँड हॉलंड (१९२५), .४५८ विंचेस्टर (१९५६), .३३८ विंचेस्टर (१९५८), ७ मि.मी. रेमिंग्टन (१९६२) व .३०० विंचेस्टर (१९६३) ही मॅग्नम काडतुसे याच बुडावर आधारून बनली. त्यांपैकी .४५८ ची पुंगळी सरळ असल्याने तिला पट्टा आवश्यकच होता. ठळक खांदा असलेल्या इतरांना त्याची गरज नव्हती. तेथे तो जाहिरातीची खूण म्हणूनच उरला.

गोळीची निवड

प्रचलित गोळ्या २३५, २७० व ३०० ग्रेन वजनाच्या (अनुक्रमे सुमारे १५, १७.५ व १९.५ ग्रॅम) असतात. कारखान्यात भरलेली ३०० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७७० मीटर, तर २७० ग्रेनची सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते. दोहोंची ऊर्जा ५,८०० ज्यूलच्या आसपास असते. रायफलीचा धक्का .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट असला तरी .४५८ पेक्षा बराच कमी असतो. सरावाने तो सोसता येतो, आणि या काडतुसाच्या दीर्घायुष्याचे खरे कारण बहुधा हेच आहे. घाबरत झाडलेल्या जाड गोळीपेक्षा नेमकी लागलेली ९.५ मि.मी.ची गोळी अधिक परिणामकारक ठरते.

वेगापेक्षा गोळीची बांधणी महत्त्वाची असते. हत्तीच्या कवटीतील जाड, पोकळ्यांचे हाड भेदून मेंदूपर्यंत पोहोचण्यासाठी न फुलणारी, पूर्ण आवरणाची ‘सॉलिड’ गोळी लागते. सिंह किंवा मोठ्या हरणांसाठी टोकाशी फुलणारी मऊ गोळी योग्य ठरते, कारण आरपार जाणारी सॉलिड मागील प्राण्यालाही जखमी करू शकते. आफ्रिकी रेड्यासाठी पहिली गोळी मऊ व नंतरच्या सॉलिड असा क्रम अनेक शिकारी पाळतात.

मऊ गोळी अति लवकर फुटली तर ती वरवरची जखम करून थांबते आणि प्राणी जखमी अवस्थेत झाडीत शिरतो. अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात .३०० हॉलंड अँड हॉलंडने मूसची शिकार करताना हाच अनुभव आला. चिखलाने माखलेल्या नरावर त्यांच्या गोळ्या खोल गेल्या नाहीत. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याचा पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी बनविली; तिचा पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहतो. १९८९ मध्ये आलेल्या बार्न्स कंपनीच्या एक्स गोळीत शिसेच वगळून ती पूर्णतः तांब्याची करण्यात आली.

हाताने पुनर्भरण

वापरलेली पुंगळी डायमध्ये दाबून मूळ आकारात आणणे, जुना प्रायमर काढून नवा बसविणे, तोलून दारू भरणे आणि गोळी बसविणे, असे या प्रक्रियेचे टप्पे आहेत. दारू मध्यम ते मंद गतीने जळणारी लागते. ती पुंगळी बहुतांशी भरून टाकते, त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तर ती बाहेर सांडते व चूक लगेच लक्षात येते. दारूचे प्रमाण उत्पादकांच्या छापील तक्त्यांवरूनच घेतले जाते. कमाल प्रमाणाच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करून दाबाच्या खुणा पाहत ते वाढवितात. गोळी, प्रायमर वा पुंगळीचा प्रकार बदलला तर पुन्हा खालूनच सुरुवात करावी लागते.

पट्ट्याचा प्रश्न येथे उद्भवतो. नव्या पुंगळीचा खांदा चेंबरच्या खांद्यापासून बऱ्याचदा अंतरावर राहतो. गोळी सुटताना पुंगळी पुढे ताणली जाते आणि पट्ट्याच्या लगत पुढे तिची भिंत पातळ होते. डाय पूर्ण खाली आणून खांदा दर वेळी मागे ढकलला तर हेच पुन्हा घडते, आणि काही वापरांनंतर पुंगळी त्या जागी तुटते. बूड बाहेर येते, उरलेली नळी चेंबरमध्ये अडकून राहते. नेमबाजीच्या मैदानावर ही केवळ गैरसोय ठरते. जखमी रेडा समोर असताना मात्र रायफल निरुपयोगी होते. म्हणून जाणकार पहिल्या वापरानंतर डाय अशी लावतात की खांदा मि.मी.च्या काही शतांशांइतकाच मागे जावा, जेणेकरून काडतूस पट्ट्याऐवजी खांद्यावर टेकेल. पट्ट्यापुढील चकचकीत वलय किंवा वाकविलेल्या तारेच्या टोकाला आतून लागणारी खाच ही पुंगळी टाकून देण्याची खूण होय.

धोकादायक प्राण्यांसाठी भरताना विचार उलटा होतो: पुंगळीचे आयुष्य दुय्यम, काडतूस विनाअडथळा आत जाणे प्रथम. त्यासाठी नव्या पुंगळ्या घेतात, धक्क्याने मॅगझिनमधील गोळ्या आत सरकू नयेत म्हणून पुंगळीचे तोंड गोळीवरील खाचेत आवळतात, आणि शिकारीला निघण्यापूर्वी प्रत्येक काडतूस सुरक्षित जागी त्याच रायफलीतून फिरवून पाहतात. दारू ठासून भरण्याचे दुष्परिणाम .४५८ विंचेस्टरच्या इतिहासात दिसले. त्याच्या आखूड पुंगळीत दाबून भरलेल्या दारूचे कालांतराने ढेकूळ होई आणि गोळीचा वेग धोकादायक पातळीपर्यंत घटे. .३७५ च्या ऐसपैस पुंगळीत ही अडचण क्वचितच येते.

कायदेशीर स्थिती

आफ्रिकेतील अनेक देशांत हत्ती, रेडा यांच्या परवानाधारक शिकारीसाठी .३७५ हा किमान व्यास ठरविलेला आहे. काही ठिकाणी ९.३ मि.मी.लाही मुभा आहे. केनियात १९७७ पासून शिकारीवर बंदी आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई असून, शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना आवश्यक आहे.