शंभर वर्षांच्या अंतराने दोन कायदे

दौंड-मनमाड लोहमार्गावरून आपण नगरकर नित्य जातो-येतो. पण हा मार्ग कोणाच्या हातांनी झाला, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. 1876 ते 1878 च्या दुष्काळात पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसांनी त्याचे मातीकाम केले, आणि 1878 साली गाडी धावू लागली. त्या मजुराला काम मागण्याचा हक्क मात्र नव्हता. ते सरकारचे औदार्य. त्याचे मापही सरकारच्याच हाती. 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेल, असे ठरविले. घर सोडून दूरच्या कामावर जाऊन राहावे, अशीही अट पडली. तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली आणि त्यांचे गाऱ्हाणे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारपुढे मांडले. उपाशी माणसाने मजुरीसाठी संप केला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यावयास हवी होती.

पाठ्यपुस्तकांत येते ते 1875 चे सावकारविरोधी बंड. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला आलेला भाव 1865 नंतर कोसळला, त्याच सुमारास नव्या पाहणीने शेतसारा वाढला, आणि सावकाराने हात आखडला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे वणवा पेटला तो भीमा ओलांडून श्रीगोंदे, पारनेर या भागांत पसरला. लोकांनी माणसे फारशी मारली नाहीत. त्यांना हवे होते दस्तऐवज. खतपत्रे हाती आली की ती जाळावयाची आणि घरी जावयाचे!

या बंडातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर (आता आपण अहिल्यानगर म्हणतो) या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कागदावर आकडा काहीही असो, मूळ मुद्दल किती व व्याज किती हे न्यायाधीशाने खणून पाहावे, असे ठरले. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखालील खास न्यायाधीश म्हणून या भागात काम केले. कायदा चांगला होता, यात मला शंका नाही. सावकारही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला. पैसे फेडलेस की जमीन परत देतो, हे नुसते तोंडी!

पण याहून मोठे उणे दुसरेच होते. ज्याच्यापाशी गहाण टाकावयास जमीनच नव्हती, तो या कायद्याला दिसलाच नाही.

पुढेही बराच काळ हेच चालले. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने 1950-51 मध्ये लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. कर्तृत्व मोठेच, परंतु सभासद व्हावयाचे तर ऊस हवा, उसाला रान हवे, रानाला पाणी हवे. पाथर्डीच्या डोंगराळ भागातला माणूस त्या उसाजवळ गेला तो कोयता घेऊन.

मग 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात 1965 पासून जी कल्पना करून पाहिली होती, तिचा 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पहिल्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी! ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, न दिल्यास दिवसाला निदान एक रुपया भत्ता. स्त्री-पुरुषांना मजुरीचा दर सारखा. पैसा कोठून? शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसला, बागायती जमिनीवरही आकार बसला. म्हणजे कालव्यावरच्या बागाइतदाराने जिरायती गावच्या पाझर तलावाला हातभार लावावयाचा. 2005 साली दिल्लीने हीच वाट धरली.

अर्थात हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी आठवडेच्या आठवडे तटली, कित्येक रस्ते खडीवरच राहिले. त्याच पैशातून हिवरे बाजारासारख्या गावाने डोंगरावर चर खणून विहिरींना पाणी आणले, हेही खरे.

मला सलते ते वेगळे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डीकडून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दुसरे काम धरता येत नाही. हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच फड. हे कर्ज पुष्कळदा तोंडी असते. 1875 साली जाळावयास निदान कागद तरी होता.