धनकोपुढें उगवलेला वाटाणा

जाहिरातींतून व दूरचित्रवाणीवर हसणारीं-बोलणारीं संगणकनिर्मित पात्रें पाहून ही केवळ परदेशची विद्या, असा कित्येकांचा समज होतो. तो सर्वस्वीं खरा नाहीं. दादासाहेब फाळके आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले व १९१२ सालीं कॅमेरा घेऊन परतले; परंतु चित्रपटास भांडवल देण्यास कोणी धजेना. तेव्हां त्यांनीं वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याच्या वाढीचें एकेक चित्र टिपलें. पडद्यावर तो अंकुर पाहतां पाहतां वर आला, त्याची वेल झाली, आणि धनकोंची थैली सुटली. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्या वाटाण्याचा ऋणी आहे! पुढें ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत त्यांनीं काडेपेटींतल्या काड्याही हालत्या केल्या.

आजचा चित्रकार पात्राच्या मोजक्या मुद्रा ठरवितो. मधल्या मुद्रा संगणक भरून काढतो. नमुना मात्र आधीं गिऱ्हाइकास पसंत पडावा लागतो. हा धंदेवाईकपणा म्हणून कोणी नाक मुरडतात. मला तें पटत नाहीं. फाळक्यांचा वाटाणा देखील धनकोंसाठींच उगवला होता. खरें दुःख निराळेंच आहे: त्या आगकाड्यांच्या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाहीं.