चायना ग्रास, कुकर आणि लीनाबाई

चिकाचं दूध मिळेनासं झाल्यापासून बऱ्याच घरांत चायना ग्रासचा खरवस होतो. नाव गवताचं असलं तरी गवताशी त्याचा काही संबंध नाही. समुद्रातल्या लाल शेवाळापासून ते काढतात आणि शास्त्राच्या पुस्तकात त्यालाच अगार म्हणतात. जपानमध्ये तर ते सतराव्या शतकापासून खाण्यात आहे. कुणा खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची खळ थंडीत बाहेर टाकली, ती गोठली, वाळली आणि पुन्हा उकळल्यावर परत थिजली, अशी तिथली दंतकथा आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी नात. ती मायक्रोबायॉलॉजी शिकते. सुट्टीत बुरशी वाढवून बघायची म्हणून तिने घरीच अगार केलं. कृती ऐका. शंभर ग्रॅम बटाटा चिरून उकळायचा आणि पाणी गाळून घ्यायचं. त्यात दहा ग्रॅम ग्लुकोज आणि साडेसात ग्रॅम अगार पावडर घालून एकूण अर्धा लिटर करायचं. ढवळत गरम करून अगार विरघळवायचं. बाटली अर्धीच भरायची, तोंडाला कापसाचा बोळा आणि वर फॉइल. कुकरच्या तळाशी पाणी, जाळीवर बाटली. पूर्ण दाब आला की मंद आचेवर वीस मिनिटं. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलायची नाही. दाब आपसूक उतरू द्यायचा, नाहीतर बाटलीतलं उसळून बोळ्यासकट बाहेर येतं. हाताला सोसेल इतकं निवलं की बशांत ओतायचं. आणि वाढ झालेली बशी उघडायची नाही. टाकण्याआधी पुन्हा कुकरमध्ये शिजवायची.

"नुसतं उकळून चालत नाही का गं?" मी विचारलं. नाही चालत. काही जंतूंचे बीजाणू शंभर अंशांना दाद देत नाहीत. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, तिथे ते मरतात. प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह म्हणजे हेच, फक्त मोठं. दोघांचा मूळपुरुष एकच, देनी पापँ नावाचा फ्रेंच माणूस. त्याने १६७९ मध्ये लंडनमध्ये घट्ट झाकणाचं भांडं केलं, ज्यात हाडंसुद्धा मऊ शिजत. भांडं फुटू नये म्हणून जादा वाफ सोडणारी झडपही त्याचीच.

म्हणजे भांडं स्वयंपाकघरातलं. पण आतला पदार्थ प्रयोगशाळेत कसा गेला, ती गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

१८८१ साल. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख जंतू एकेकटे वेगळे वाढवायच्या खटपटीत होते. आधी बटाट्याच्या कापांवर, मग जिलेटिनवर. जिलेटिनची अडचण अशी की ते उन्हाळ्यात वितळायचं. शरीराच्या ३७ अंशांना तर टिकायचंच नाही, आणि काही जंतू ते चक्क पचवून पातळ करत. कॉखकडे वॉल्टर हेसे नावाचे डॉक्टर हवेतले जंतू मोजत होते. त्यांची पत्नी फॅनी, घरच्यांची लीना, त्यांना कामात मदत करायची आणि जंतूंची चित्रंही काढायची. तिचा जन्म १८५० चा, न्यूयॉर्कचा. जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तिच्या माहेरी अगारची माहिती आली होती. "तुझी जेली उन्हाळ्यात कशी टिकते?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा तिने अगारचं नाव सांगितलं.

अगार वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि थिजतं मात्र ४० च्या खाली. शिवाय बहुतेक जंतूंना ते पचत नाही. हवं होतं ते नेमकं हेच! हेसेंनी कॉखना कळवलं. १८८२ मध्ये कॉखनी क्षयाच्या जंतूंवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात अगारचा ओझरता उल्लेख आहे. हेसे पतिपत्नींचं नाव नाही.

१८८७ मध्ये कॉखचे सहायक पेत्री यांनी झाकणाची उथळ बशी वर्णन केली. ती आजही जगभर पेत्री डिश आहे. लीनाबाई १९३४ मध्ये गेल्या. या शोधाबद्दल हेसे कुटुंबाला ना पैसा मिळाला ना फारसा मान. १९३९ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी ही हकिगत छापली आणि साध्या अगारला 'फ्राऊ हेसे यांचं माध्यम' म्हणावं असं सुचवलं. ते नाव काही रुळलं नाही.

कॉखचं मोठेपण याने उणावत नाही. क्षयाने घरंच्या घरं ओस पडत होती, त्या काळात त्यांनी रोगाचं मूळ दाखवलं. पण इतिहास शिकवताना मला एक नेहमी जाणवायचं. लेखी राहतं ते टिकतं, आणि स्वयंपाकघरातलं शहाणपण तोंडी असतं. शेजारणीने शेजारणीला सांगायचं, आईने मुलीला. त्याला ना तारीख ना सही. लीनाबाईंची हकिगत निदान घरात सांगितली गेली, म्हणून उशिरा का होईना कागदावर आली. अशा कितीजणींची आली नसेल!

असो. तुमच्या घरात कुणी मायक्रोबायॉलॉजी शिकत असेल तर बशीला कुणाचं नाव आहे हे त्याला ठाऊक असेलच. बशीतली जेली कुणी सुचवली, ते एकदा विचारून बघा.