विद्यार्थी सॉफ्टवेअर परवाना

विद्यार्थी सॉफ्टवेअर परवाना म्हणजे शिक्षण घेत असलेल्या व्यक्तीला विनामूल्य किंवा सवलतीच्या दरात सॉफ्टवेअर वापरू देणारा करार होय. या कराराने सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही. ठरावीक हेतूसाठी आणि मुदतीपुरता वापराचा अधिकार मिळतो. त्याच्या साहाय्याने केलेले संशोधन प्रसिद्ध करता येते का, हे कराराच्या अटींवर ठरते.

संशोधन व प्रकाशन

सर्व परवान्यांच्या अटी सारख्या नसतात. मॅटलॅबची विद्यार्थी आवृत्ती अभ्यासक्रमासाठी आणि पदवी देणाऱ्या संस्थांमधील शैक्षणिक संशोधनासाठी वापरता येते. व्यावसायिक किंवा शासकीय कामासाठी वापरता येत नाही. ऑटोडेस्कचा शैक्षणिक परवाना अध्ययन, अध्यापन व संशोधनासाठी असतो. नफ्यासाठी केलेले काम त्यात बसत नाही. बायोरेंडर या शास्त्रीय चित्रांच्या सेवेत मात्र विनामूल्य खात्यावर तयार केलेले चित्र शोधनिबंधात छापता येत नाही. त्यासाठी प्रकाशनाचा हक्क देणारी सशुल्क योजना घ्यावी लागते. उद्योगाने शुल्क देऊन करवून घेतलेले संशोधन व्यावसायिक ठरू शकते.

संलग्न महाविद्यालये

विद्यापीठाने घेतलेला परवाना संलग्न महाविद्यालयांना आपोआप लागू होत नाही. उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जिल्ह्यातील अमडापूरसारख्या गावातून संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचा एखादा परवाना वापरता येईल का, हे त्या करारात संलग्न महाविद्यालयांचा समावेश आहे का यावर अवलंबून असते.

कायदा

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावली 'साहित्यकृती' मानली जाते. कलम ६३ब अन्वये आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणीवपूर्वक वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर आर्थिक लाभासाठी नसल्यास न्यायालय कारावास न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते.

मुक्त पर्याय

आर, जीएनयू ऑक्टेव्ह व क्यूजीआयएस ही मुक्त सॉफ्टवेअरे कोणत्याही हेतूसाठी वापरता येतात. शिक्षण संपल्यावरही ती वापरता येत असल्याने जुनी गणिते पुन्हा पडताळता येतात. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प अशा सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करतो. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.