नाव असलेलं प्यादं

संध्याकाळचा रोल कॉल आटोपला की आमच्या बराकीत दोन गोष्टी सुरू होतात. एका कोपऱ्यात पत्ते, दुसऱ्या कोपऱ्यात मोबाईलवरचा गोळीबार. दिवसा खरी रायफल साफ करून दमलेल्या पोरांना संध्याकाळी खोटी रायफल चालवायचा उत्साह कुठून येतो, देव जाणे. मी तिसरा कोपरा धरतो. दाजींनी दुबईहून आणलेला निन्टेन्डो स्विच माझ्याकडे आहे आणि त्यावर मी 'फायर एम्ब्लेम' नावाचा जपानी खेळ खेळतो. बघणाऱ्याला तो कंटाळवाणाच वाटणार. चौकटी पाडलेला नकाशा, त्यावर आपली दहा-बारा माणसं, समोर शत्रूची वीस-पंचवीस. आपली पाळी, मग त्यांची पाळी. एका बिहारी नायकाने माझ्या खांद्यावरून पाच मिनिटं पाहिलं आणि "ये तो लूडो है भाई" म्हणून तो परत पत्त्यांकडे गेला.

पण लूडोत सोंगटी मारली गेली की ती घरात जाते आणि सहा पडला की पुन्हा निघते. इथे मेला तो मेला. पुढच्या लढाईत नाही, शेवटच्या लढाईत नाही, कुठेच नाही. या एका नियमाने मला या खेळाला चिकटवलं, आणि याच नियमापायी स्विच भिंतीवर फेकावासाही वाटला आहे. म्हणून या नियमाचा इतिहास सांगतो.

पहिला 'फायर एम्ब्लेम' एप्रिल १९९० मध्ये जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला. बनवणारी कंपनी इंटेलिजंट सिस्टिम्स, खेळाची रचना शोझो कागा या माणसाची. याच कंपनीने दोन वर्षं आधी 'फॅमिकॉम वॉर्स' नावाचा युद्धखेळ केला होता. त्यात रणगाडे, विमानं, पायदळ सगळं होतं, पण पायदळ म्हणजे एक आकडा. दहाची तुकडी, मार बसला की सातची, मग तीनची, मग गायब. गायब झाली की कारखान्यातून नवी विकत घ्यायची. तेव्हा जपानात दुसरीकडे 'ड्रॅगन क्वेस्ट'सारख्या कथाखेळांची लाट होती. त्यांत माणसांना नाव, चेहरा, स्वभाव असायचा, पण मेला तर देवळात पैसे भरून जिवंत करता यायचा. कागाने दोन्हींना एकत्र बांधलं. नकाशा युद्धखेळाचा, माणसं कथेतली, आणि जिवंत करण्याची सोय जवळजवळ काढूनच टाकली.

त्या पहिल्या खेळात २५ प्रकरणं आणि आपल्या बाजूला येऊ शकणारी पन्नासच्या आसपास माणसं आहेत. राज्य गमावलेला राजपुत्र मार्थ हा नायक. तो पडला तर खेळ संपला. बाकी कुणीही पडलं तरी खेळ पुढे चालतो. पन्नास माणसं देण्यामागचा हिशोब उघड आहे: काही जातील, नवे येतील, आणि प्रत्येक खेळाडूची लढाई वेगळी होईल. सुरुवातीला खेळाचा खप मंद होता. मग एकाने दुसऱ्याला सांगत सांगत तो वाढला.

त्या माणसांत एक जेगन आहे. म्हातारा घोडेस्वार, राजपुत्राच्या घराण्याचा जुना चाकर. पहिल्या लढाईत तो एकटा अर्धी फौज कापतो. पण त्याचं शिकायचं वय संपलेलं. अनुभवाचे गुण त्याला मिळाले तरी अंगात फारसं काही वाढत नाही, आणि त्याने मारलेल्या प्रत्येक शत्रूचा अनुभव एखाद्या कोवळ्या पोराच्या तोंडून काढलेला घास असतो. त्याला वापरावा की मागे ठेवावा, यावर या खेळाचे चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. पुढच्या बहुतेक भागांत असा एक म्हातारा असतोच, आणि चाहते त्या प्रकारालाच 'जेगन' म्हणतात. आमच्याकडे असं काही सांगायचं झालं तर सुभेदार साहेब म्हणतील. साहेबांना पुढे केलं की काम चोख होतं, पण मग नवीन लान्सनायक शिकणार कधी? पंचवीस पिक्सेलच्या म्हाताऱ्यात कागाने हा पेच बरोबर पकडला होता.

आणि इथेच त्याची योजना उलटली. माणसाला नाव दिलं, आई-बहीण दिली, मरताना बोलायला एक वाक्य दिलं. मग खेळाडू त्याला मरू कसा देणार? यंत्रावर रीसेटचं बटण होतंच. एक माणूस पडला की बटण दाबायचं आणि प्रकरण पहिल्यापासून खेळायचं. तासाभराची लढाई, शेवटच्या दोन चालींत एका धनुर्धारी पोराला भाला लागतो, की गेला तास पाण्यात. ज्या नियमाने खेळ नुकसान सोसायला शिकवणार होता, त्याच नियमाने एकही नुकसान न सोसणाऱ्या खेळाडूंची पिढी तयार केली. मी त्यांना हसत नाही. नाव ठाऊक असलेला माणूस खर्ची टाकणं अवघडच असायला हवं.

रीसेटची ओढ मात्र फॅमिकॉमपेक्षा खूप जुनी आहे. टेबलावरची लढाई ही मुळात प्रशियाची गोष्ट. फॉन राइसवित्झ या बापाने १८१२ मध्ये राजासाठी युद्धखेळाचं टेबल केलं आणि त्याच्या तोफखान्यातल्या अधिकारी मुलाने १८२४ मध्ये त्याचे नीट नियम छापले. नकाशा, लाल आणि निळे ठोकळे, फासे, आणि निकाल देणारा पंच. आजही सरावात एक बाजू लाल आणि एक निळी असते, ती पद्धत इतकी जुनी. जपानच्या सैन्याने हे थेट प्रशियाकडून घेतलं. याकोब मेकेल हा जर्मन मेजर १८८५ मध्ये तिथल्या लष्करी महाविद्यालयात शिकवायला गेला, आणि हा गृहस्थ स्वतः युद्धखेळावर पुस्तक लिहिणारा होता. पुढे जपानचं नौदलही मोठ्या मोहिमेआधी टेबलावर लढाई खेळून बघू लागलं.

मे १९४२ च्या पहिल्या आठवड्यात 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा असा खेळ झाला. मुख्य पंच रिअर ॲडमिरल मातोमे उगाकी, म्हणजे मोहीम आखणाऱ्या मुख्यालयाचेच चीफ ऑफ स्टाफ. खेळात मिडवे बेटावरून उडालेल्या अमेरिकन विमानांनी जपानी विमानवाहू जहाजांवर हल्ला केला. फासे पडले, नऊ बॉम्ब लागले, 'आकागी' आणि 'कागा' ही दोन जहाजं बुडाली. उगाकींनी निकाल फिरवला: नऊ नाही, तीन. 'आकागी' फक्त जखमी, 'कागा' बुडालं. आणि पुढच्या मोहिमेचा डाव मांडला गेला तेव्हा बुडालेलं 'कागा' पुन्हा नकाशावर हजर. जहाजाचं नाव आणि आपल्या खेळवाल्या कागाचं आडनाव एकच, तीच चिनी अक्षरं. योगायोग, दुसरं काही नाही.

ही हकीकत मित्सुओ फुचिदा आणि मासाताके ओकुमिया या जपानी नौदल अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिली. फुचिदाच्या इतर काही गोष्टी इतिहासकारांनी पुढे खोडून काढल्या, पण ही टिकली आहे. बहुतेक लोक ती सांगून उगाकींना मूर्ख ठरवतात. मला ते पटत नाही. प्रत्यक्ष लढाईत मिडवेवरून आलेल्या अमेरिकन बी-१७ विमानांनी उंचावरून भरपूर बॉम्ब टाकले, आणि त्यांतला एकही जहाजाला लागला नाही. नऊ बॉम्ब हा निकाल अतिशयोक्त आहे, हा उगाकींचा अंदाज त्या हिशोबाने बरोबरच होता. जहाजं बुडवली ती अमेरिकन विमानवाहू जहाजांवरून आलेल्या सूर मारणाऱ्या विमानांनी. 'आकागी' आणि 'कागा'सह चार जहाजं गेली. उगाकींनी फासा दुरुस्त केला, ते एक वेळ ठीक. पण बुडालेलं जहाज परत मांडलं तेव्हा 'दोन जहाजं नसतील तर आपण काय करू' हा प्रश्नही टेबलावरून उचलला गेला, आणि तो विचारण्यासाठीच तर टेबल मांडलं होतं.

फासा दुरुस्त करणं 'फायर एम्ब्लेम'लाही चुकलेलं नाही. हल्ला करण्याआधी खेळ वार लागण्याची शक्यता दाखवतो. २००२ च्या भागापासून हा आकडा खरा नसतो. यंत्र ० ते ९९ मधले दोन आकडे काढतं आणि त्यांची सरासरी बघतं. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसतं तेव्हा वार प्रत्यक्षात ९८.१ टक्के वेळा लागतो, आणि १० टक्के दिसतं तेव्हा फक्त २.१ टक्के वेळा. कारण साधं आहे. माणसाला ९० टक्के म्हणजे 'नक्की' वाटतं. दहातला एक वार चुकला की तो यंत्राला शिव्या देतो. म्हणून खेळ आकडा आपल्या समजुतीकडे वाकवतो. आणि तरीही २.१ टक्क्यांचा तो शत्रूचा वार नेमका आपल्या लाडक्या माणसाला लागतो, तेव्हा येणारा राग शब्दांत सांगण्यासारखा नसतो.

दुसरा वैताग मात्र मी माफ करत नाही. काही भागांत शत्रूची कुमक नकाशाच्या कडेवरून अचानक उगवते आणि त्याच पाळीत वार करते. तुमचा वैद्य मागे सुरक्षित ठेवलेला, आणि त्याच्या शेजारच्या किल्ल्यातून तीन घोडेस्वार निघतात. टेहळणीने कळण्यासारखं नाही, अंदाज बांधण्यासारखं नाही. एकदा मेल्यावरच कळतं. अशा ठिकाणी रीसेट हीच टेहळणी होते, आणि मग खेळाडूला रीसेटवरून नावं ठेवायचा हक्क खेळाला उरत नाही. युद्धात धुकं असतं हे मान्य. हे धुकं नाही, ही लबाडी आहे.

बनवणाऱ्यांनी तीस वर्षं या बटणाशी झुंज दिली. गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या भागांत प्रत्येक चालीनंतर खेळ आपोआप जतन होऊ लागला, म्हणजे यंत्र बंद करून चाल मागे घेणं बंद. खेळाडू सगळं प्रकरण पुन्हा खेळू लागले. २००८ मध्ये पहिल्या खेळाची डीएसवर नवी आवृत्ती आली, तिने फारच विचित्र इलाज केला. काही जादा प्रकरणं फौजेत १५ किंवा त्याहून कमी माणसं उरली असतील तरच उघडायची. लोकांनी काय केलं? ज्यांची ओळख नव्हती अशांना मुद्दाम भाल्यांपुढे उभं केलं. नुकसान सोसायला शिकवायला निघालेल्या खेळाने माणसं फेकायला शिकवलं. 'फॅमिकॉम वॉर्स'चं निनावी पायदळ मागच्या दाराने परत आलं.

सर्वांत कडवं उत्तर खुद्द कागाचं, १९९६ च्या 'सेइसेन नो केइफू' या भागातलं. ज्यांना तो खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. पाच प्रकरणं तुम्ही सिगर्ड नावाच्या सरदाराची फौज सांभाळता. लग्नं लावता, शस्त्रं दुरुस्त करता, रीसेट करकरून एकेकाला वाचवता. पाचव्या प्रकरणाअखेर बेल्हाला या राजधानीत विजयी फौजेचं स्वागत होतं, दुतर्फा सैनिक उभे राहतात, आणि तो सापळा निघतो. आर्विसच्या अग्निविद्येत सिगर्ड आणि फौज होरपळते. इथे तुमची पाळी येतच नाही. पुढचा अर्धा खेळ त्यांच्या मुलांचा. तुम्ही जुळवलेल्या लग्नांतून ती मुलं बापाचं शस्त्र आणि आईचे गुण घेऊन येतात. कोणतंही बटण इथे उपयोगाचं नाही, कारण मृत्यू फाशावर सोडलेलाच नाही. १९९९ च्या 'थ्रेशिया ७७६' नंतर कागाने कंपनी सोडली.

मग मालिका हळूहळू नरमली. २०१० पासून 'कॅज्युअल' हा सोपा प्रकार आला: पडलेला माणूस पुढच्या प्रकरणात परत. २०१२ चा 'अवेकनिंग' अडीच लाखांखाली राहिला तर मालिका बंद, अशी तंबी होती, असं निर्मात्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. तो त्याच्या कैक पट खपला, आणि त्यात 'कॅज्युअल'चा वाटा होताच. २०१७ पासून तर काळ मागे फिरवायची विद्याच खेळाडूच्या हाती आली, मोजक्या वेळा वापरायची. म्हणजे रीसेटचं बटण यंत्रावरून उचलून कथेत बसवलं. जुने चाहते नाक मुरडतात. मला ही तडजोड प्रामाणिक वाटते. निदान बटणाला रेशन लावलं.

२०१९ चा 'थ्री हाउसेस' मी सध्या दुसऱ्यांदा खेळतो आहे. त्यात तुम्ही लष्करी विद्यालयाचे शिक्षक. तीन राज्यांच्या पोरांचे तीन गट, तुम्ही एक निवडायचा. बाकीच्या दोन गटांतली पोरंही रोज मैदानात, लंगरमध्ये भेटतात. त्यांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायच्या, सोबत जेवायचं. मधेच ग्रॉन्डरच्या मैदानावर तिन्ही गटांचा सराव होतो. मधोमध टेकडी, टेकडीवर मोठा दगडी धनुष्यासारखा बाण फेकणारा यंत्रमाळा, आणि तो आधी काबीज करायची धडपड. पडलेलं पोर कपडे झटकत बाहेर जातं, संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात. आमच्याकडेही सरावात अंपायरने "तू गेलास" म्हटलं की माणूस झाडाखाली आडवा होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा हेवा वाटतो.

पाच वर्षांनी तीन राज्यांचं युद्ध पेटतं आणि, काही मार्गांवर, तीच पोरं मोठी होऊन त्याच ग्रॉन्डरवर समोरासमोर येतात. तीच टेकडी. यंत्रमाळ्यावर बर्नाडेटा, खोलीतून बाहेर यायला घाबरणारी मुलगी, जर तुम्ही वेळीच तिला आपल्या गटात घेतलं नसेल तर. सरावात टेकडीचं महत्त्व सगळ्यांनाच कळलेलं असतं, म्हणून तुमची माणसं तिकडेच धावतात. ती जवळ पोचली की सम्राज्ञी एडेलगार्ड टेकडी पेटवायचा हुकूम देते. बर्नाडेटा तिचीच सैनिक आहे, आणि अजून वरच आहे. काळ मागे फिरवायची विद्या तुमच्याकडे शिल्लक असते. ती वापरून तुम्ही तुमची माणसं टेकडीपासून दूर ठेवू शकता.