स्फूर्ती आणि प्रहर

लेखन स्फूर्तीने होते, घड्याळाने नव्हे. रोज ठरल्या वेळी लिहायला बसतो तो कारागीर, कलावंत नव्हे. आणि लेखणीवर पोट भरणाऱ्याने तर सरस्वतीला बाजारात बसवले, असे आपल्याकडे अजूनही मानले जाते. यातले एवढे खरे की प्रतिभा नसेल तर नुसत्या बैठकीने साहित्य निर्माण होत नाही. पण म्हणून बैठक वायफळ ठरत नाही.

शिस्त ही पाश्चात्त्य खोड वाटणाऱ्यांनी राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ उघडावी. इ. स. 900च्या सुमारास कनौजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी असलेला हा पंडित आपला पणजा अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो, म्हणजे घराणे इकडचेच. ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात त्याने कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिला आहे. पहिला प्रहर अध्ययनाचा, दुसरा रचनेचा, जेवणानंतर तिसरा काव्यगोष्ठीचा. चौथ्यात सकाळचे लेखन तपासायचे: जास्तीचे काढायचे, उणे भरायचे, चुकल्या जागी पडलेले हलवायचे. कारणही तो देतो. रसाच्या आवेशात लिहिताना पारखणारी नजर जागी नसते. म्हणजे आवेश त्याला मान्यच आहे. शिस्त हवी ती आवेशात निसटलेले सावरायला.

काळानुसार कवींचे प्रकारही तो सांगतो. चाकरी सांभाळून सवडीने लिहिणारा ‘दत्तावसर’, प्रसंगापुरता लिहिणारा ‘प्रायोजनिक’. सगळे सोडून तळघरात निष्ठेने लिहिणारा तो ‘असूर्यंपश्य’, आणि सर्व काळ त्याचेच. पूर्णवेळ लेखकाची कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

अकराव्या शतकातला काव्यशास्त्रकार मम्मट आणखी नेमके बोलतो. शक्ती म्हणजे प्रतिभा, व्युत्पत्ती म्हणजे बहुश्रुतता, आणि अभ्यास ही काव्याची तीन निरनिराळी कारणे नव्हेत. तिन्ही मिळून एकच कारण, म्हणून त्याने ‘हेतू’ शब्द मुद्दाम एकवचनी ठेवला. एक गळले की कारणच उरत नाही. आणि काव्याची प्रयोजने मोजताना त्याने यशापाठोपाठ अर्थप्राप्ती ठेवली. पैशाचा विटाळ त्याला झाला नाही. आपणच तो का मानावा?

यावर कोणी म्हणेल, शास्त्र वेगळे आणि निर्मिती वेगळी. तर कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांकडे पाहावे. 1890मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. अंक दर आठवड्याला निघायचा. त्या वेळापत्रकाने तिच्या नायिकेचे, यमूचे, दुःख कोरडे पडले, असे कोणता वाचक म्हणेल?

रोजच्या लेखनाचे खरे फळ पैशाआधी हाती येते: सकाळचे कच्चे वाक्य दुपारी आपल्याच नजरेला खुपते, आणि सुधारता येते. स्फूर्तीची वाट पाहत बसलेल्याला हे सुख मिळत नाही, कारण त्याच्यापाशी सुधारायला काही नसते. लिहू पाहणाऱ्याने एक प्रहर लिहायला राखावा आणि एक तपासायला.