न विचारतां उतरणाऱ्या फाइली

वसई, नालासोपारा किंवा विरार येथील कोणत्याहि इमारतींत रात्रीं जेवणानंतर पाहिलें, तर एखादा तरी मुलगा संगणकापुढें बसून किंवा मोबाईल हातीं घेऊन दूरदेशच्या अनोळखी मंडळींशीं खेळ खेळतांना आढळेल. खेळ सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर एक रेघ भरत जाते आणि कांहींतरी उतरत असल्याची सूचना दिसते. ती रेघ लवकर भरावी एवढीच त्या मुलाची इच्छा असते. काय उतरलें, कोणीं पाठविलें आणि कोणाच्या परवानगीनें तें घरांत आलें, हे प्रश्न तो विचारीत नाहीं आणि घरांतील वडील मंडळीहि विचारीत नाहींत. श्रोतेहो, त्या रेघेचा इतिहास आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे. मी जन्मभर वर्गांत इतिहास शिकविला असल्यामुळें सनावळींवांचून मला बोलतां येत नाहीं, हें आपण सांभाळून घ्यालच.

आरंभ १९७५ सालीं अमेरिकेंत झाला. जॉन वॉकर नांवाच्या गृहस्थांनीं युनिव्हॅक या मोठ्या संगणकासाठीं ‘ॲनिमल’ नांवाचा एक खेळ लिहिला होता. खेळणाऱ्यानें मनांत एखादा प्राणी धरावा आणि संगणकानें प्रश्न विचारून तो ओळखावा, एवढाच तो खेळ. तो लोकांना इतका आवडला कीं ठिकठिकाणच्या संगणककेंद्रांकडून त्याच्या प्रतींची मागणी होऊं लागली. चुंबकीय फितींवर प्रती काढून पाठवितां पाठवितां वॉकर कंटाळले आणि त्यांनीं खेळाला एक गुप्त पुरवणी जोडली. कोणी खेळूं लागला, कीं त्याला जेथें जेथें लिहिण्याचा हक्क असेल तेथें तेथें ही पुरवणी खेळाची प्रत ठेवून येई. तिनें कोणाचें नुकसान केलें नाहीं. तशी काळजी वॉकर यांनीं घेतली होती. परंतु पुढील सर्व इतिहासाचें बीज येथेंच आहे. प्रोग्रॅमला स्वतःचा असा हक्क नसतो, तो खेळणाऱ्याचा हक्क वापरतो. खेळणारा साधा कारकून असेल तर त्याची मजल कारकुनाच्या कपाटापर्यंत. खेळणारा मुख्य अधिकारी असेल तर सारी कचेरी त्याला मोकळी.

इंटरनेटवर अनेकांनीं मिळून खेळावयाचे खेळ लोकप्रिय झाले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. १९९६ सालीं अमेरिकेंतील आयडी सॉफ्टवेअर या कंपनीनें ‘क्वेक’ हा खेळ काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंटरनेटसाठीं त्याची ‘क्वेकवर्ल्ड’ ही आवृत्ति दिली. अशा खेळांत एक यंत्र यजमान असतें, त्याला सर्व्हर म्हणतात. बाकीचे खेळाडू त्याला जोडले जातात. सर्वांना एकाच रणभूमीवर लढावयाचें तर प्रत्येकाच्या संगणकावर तोच नकाशा आणि तींच चित्रें असलीं पाहिजेत. एखाद्याजवळ नकाशा नसेल तर सर्व्हरनेंच तो पाठवावा, अशी सोय करण्यांत आली. सोय उत्तम होती, हें मान्य केलें पाहिजे. मात्र तिच्यामुळें अनोळखी मनुष्याच्या यंत्राला आपल्या यंत्रांत फाईल ठेवण्याची मुभा मिळाली.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट आलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें. पुढें स्टेशनांच्या आसपास सायबर कॅफे निघाले आणि शाळा सुटल्यावर मुलें तेथें ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळूं लागलीं. हा खेळ १९९९ सालीं ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या एका खेळांत फेरफार करून दोन तरुणांनीं तयार केला आणि २००० सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें तो विक्रीस आणिला. त्याचा सर्व्हर कोणालाहि चालवितां येई. म्हणून जगभर हजारों सर्व्हर उभे राहिले आणि प्रत्येक जण आपापले नकाशे, चित्रें व आवाज खेळाडूंकडे पाठवूं लागला.

येथें एक शंका कोणीहि घेईल. चित्र किंवा नकाशा उतरला म्हणून काय बिघडलें? चित्र कांहीं आज्ञा देत नाहीं. शंका योग्य आहे. पण चित्र वाचणाराहि एक प्रोग्रॅमच असतो, आणि त्याच्या रचनेंत चूक असूं शकते. शाळेंतील शिपायाला केवळ सूचनावही वर्गावर्गांतून वाचून दाखविण्याचें काम दिलेलें असतें. पण समोर येईल ती ओळ हुकूम समजून अंमलांत आणण्याची खोड त्याला असेल, तर कोणीहि वहींत ‘कपाटाच्या किल्ल्या आणून द्या’ असें लिहावें आणि त्यानें त्या आणून द्याव्या! मुद्दाम वेडीवांकडी रचलेली फाईल सदोष प्रोग्रॅमकडून असेंच काम करवून घेते. आपल्या वसईच्या किल्ल्याचें उदाहरण येथें लागू पडतें. त्याला भूमीकडे व सागराकडे असे भक्कम दरवाजे होते. पण १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें तटबंदीखालीं सुरुंग लावून सान सेबास्तियनच्या बुरुजापाशीं खिंडार पाडिलें, आणि मग पोर्तुगीजांना तह करून किल्ला सोडावा लागला. पासवर्ड हा आपला दरवाजा होय. तो कितीहि बळकट असला तरी तटाच्या पायाशीं काय पुरलें जात आहे याची दखल घेण्याचें काम त्याचें नव्हे.

हें केवळ तर्कानें सांगत नाहीं. मार्च २०१९ मध्यें रशियांतील डॉक्टर वेब या संस्थेनें ‘काउंटर-स्ट्राइक’च्या १.६ या जुन्या आवृत्तीविषयीं एक अहवाल प्रसिद्ध केला. खेळाच्या अधिकृत यादींत दिसणाऱ्या सुमारें ५,००० सर्व्हरांपैकीं १,९५१, म्हणजे शेंकडा ३९, एकाच लबाड प्रोग्रॅमनें निर्माण केलेले होते. त्याचें नांव ‘बेलोनार्ड’. खेळाडू दुष्ट सर्व्हरला जोडला गेला, कीं खेळांतील दोषाचा फायदा घेऊन एक फाईल त्याच्या संगणकांत उतरे. नंतर तोच संगणक नवे खोटे सर्व्हर यादींत मांडी आणि त्यांवर येणाऱ्यांना मूळ दुष्ट सर्व्हरकडे पाठवी. हा सारा खटाटोप सर्व्हरांची जाहिरात करून पैसा मिळविण्यासाठीं होता. विश्वासाची यादीच निम्म्याच्या जवळपास बनावट, अशी ही अवस्था.

मग अनोळखी सर्व्हर टाळून नांवाजलेल्या संस्थेचीच फाईल घ्यावी, असें कोणी म्हणेल. तोहि मार्ग सर्वस्वी निर्धोक नाहीं. स्पर्धांत लबाडी होऊं नये म्हणून ई-स्पोर्ट्स एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीचा एक पहारेकरी प्रोग्रॅम खेळाडू वापरीत असत. २०१३ सालीं त्याच्या एका नव्या आवृत्तींतून खेळाडूंच्या संगणकांवर बिटकॉइन काढण्याचें काम त्यांच्या नकळत चालू झालें. सुमारें १४,००० संगणक यांत सांपडले आणि न्यू जर्सी राज्यानें त्याच वर्षीं कंपनीशीं दहा लक्ष डॉलरांचा समझोता केला. २०१९ सालीं तर आशियांतील कांहीं खेळ-कंपन्यांतच चोर शिरल्याचें उघडकीस आलें; त्यांच्या स्वतःच्या, अधिकृत फाइलींतच चोरदरवाजा बसविलेला होता.

खेळ सोडून व्यापाराकडे वळलें तर हीच गोष्ट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिसते. वसईच्या पूर्वेस वालीव, गोखिवरें येथें कारखाने आहेत. त्यांच्यासारख्यांचा परदेशीं जाणारा माल ज्या बंदरांतून जातो, त्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत २७ जून २०१७ रोजीं एका टर्मिनलची संगणकव्यवस्था अकस्मात् बंद पडली आणि कांहीं काळ काम हातानें चालवावें लागलें. टर्मिनल मेर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे होतें. रोगाचा उगम मात्र युक्रेनमध्यें होता. तेथील बहुसंख्य कचेऱ्यांत ‘एम. ई. डॉक’ नांवाचा हिशेबाचा प्रोग्रॅम वापरीत. त्याच्या नेहमींच्या सुधारित आवृत्तीबरोबर ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम पाठविण्यांत आला. मेर्स्कला सुमारें ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. न्हावाशेव्यांतील कोणीं कांहीं चुकीचें उतरविलें नव्हतें. दूरदेशीं एका ओळखीच्या वाटेनें एक फाईल आली आणि तिच्या धक्क्यानें येथील काम अडलें.

तर मग आपोआप उतरणें सरसकट बंद करावें काय? याचेंहि उत्तर इतिहासच देतो. याच २०१७ सालच्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ची सांथ जगभर पसरली. तिनें ज्या दोषाचा उपयोग केला, तो दुरुस्त करणारी फाईल मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच दिली होती. ज्यांनीं ती घेतली नाहीं तेच प्रामुख्यानें बळी पडले. ‘डोटा २’ या खेळांतहि तेंच झालें. त्यांतील एका अंगभूत प्रोग्रॅमचा दोष २०२१ सालींच दुरुस्त झाला होता. पण खेळांत जुनीच आवृत्ति राहिली. त्याचा गैरफायदा घेणारे चार दुष्ट उपखेळ ॲव्हास्ट या संस्थेला आढळले आणि १२ जानेवारी २०२३ रोजीं व्हॉल्व्हनें दुरुस्ती केली. तेव्हां निर्मात्याकडून येणारी दुरुस्ती अडविणें म्हणजे देवीच्या सांथींत लस नाकारणें होय.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच कीं, ‘डाउनलोड’ हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटीं दोन निरनिराळे हक्क आहेत. खेळाच्या निर्मात्यानें स्वतःच्या खेळाची दुरुस्ती पाठविणें हा एक. ज्याचें नांवगांव ठाऊक नाहीं अशा सर्व्हरनें आपल्या घरांत वस्तु ठेवणें हा दुसरा. पहिल्यांत थोडा धोका आहे, पण तो न घेण्यांत अधिक धोका आहे. दुसऱ्यांत लाभ असतो तो केवळ एखाद्या नव्या नकाशाचा किंवा रंगीत पोशाखाचा.

आजची कळकळ अशासाठीं कीं मुलाच्या हातांतील मोबाईल पुष्कळ घरांत आईबापांची तिजोरीहि झाला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ‘पबजी’सह ११८ ॲपांवर बंदी घातली. खेळ अधिकृत दुकानांतून नाहींसा झाला. पण हट्टी मुलांनीं तो भलत्याच ठिकाणांहून उतरविला, आणि ज्या यंत्रांत बँकेचे व्यवहार त्याच यंत्रांत ती फाईल जाऊन बसली. वॉकर यांच्या खेळानें शिकविलेला धडा येथें आठवावा: खेळणाऱ्याला जितका हक्क, तितकाच आंत आलेल्या फाईलला.

उपाय घरच्या घरीं करण्याजोगे आहेत. संगणकावर मुलाचें खातें निराळें ठेवावें आणि त्यास मुख्य अधिकाऱ्याचा हक्क देऊं नये. खेळाच्या व्यवस्थेंत सर्व्हरकडून येणाऱ्या फाइलींविषयीं निवड असेल, तर ‘कांहींच नको’ किंवा फार तर ‘फक्त नकाशे’ हें निवडावें. मोबाईलमध्यें अनोळखी ठिकाणांहून ॲप घेण्याची मुभा बंद असावी. निर्मात्याच्या दुरुस्त्या चालूं द्याव्या. बँकेचा मोबाईल खेळावयास देऊं नये. आणि पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांत केलेल्या तक्रारीचा उपयोग अधिक होतो.

यांतील कोणत्याहि उपायासाठीं मुलाचा खेळ हिरावून घ्यावा लागत नाहीं. फार तर एके सायंकाळीं त्याच्या शेजारीं बसावें, त्याला त्या व्यवस्थेचें पान उघडावयास सांगावें आणि कोणती फाईल कोठून येते हें त्याच्याकडूनच समजून घ्यावें. पुष्कळदां तें आपल्यापेक्षां त्यालाच अधिक ठाऊक असतें. कोणी विचारीत नाहीं म्हणून तो सांगत नाहीं, इतकेंच.